घरागणिक एक माणूस

आधी आक्कांचं सांगते, मग बाकीचं. आमच्या वरच्या आळीच्या अंगणवाडीत त्या मदतनीस आहेत. खिचडी शिजवायची, पोरं घरोघरून गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची, आणि ज्यांची आई रानात गेली असेल त्यांना ती येईपर्यंत मांडीवर झोपवायचं, हे त्यांचं काम. सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते, नाहीतर वयानं त्या माझ्या आजीच्या जवळपास. आज मी या गावात आहे, दहावीचा फॉर्म भरून बसले आहे, आणि या गुरुवारी युवा गटाची बैठक कोणाच्या ओट्यावर आहे हे लोक मला वाटेत थांबवून विचारतात, ते सगळं आक्कांमुळे. हे पहिल्यांदा लिहून टाकते, कारण मला घाबरायची सवय आहे आणि घाबरले की नेमकं महत्त्वाचं विसरते.

मी इथली नाही. माझं गाव गोंदियाकडचं. तिथून रेल्वेनं पुण्याला, पुण्याहून एसटीनं ओतूरला, ओतूरहून दुसऱ्या एसटीनं मढच्या बाजूला, आणि तिथून पुढं डोंगराकडं चढत पायी, इतकं लांब. माझा भाऊ माळशेजच्या रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. त्याला या गावात एक खोली भाड्यानं मिळाली होती. वहिनीला आई नाही, त्यामुळे तिचं बाळंतपण इथंच करायचं ठरलं आणि आईनं मला पाठवलं. "सव्वा महिना राहा नं ये," असं सांगून.

माझी शाळा नववीत सुटली. सुटली म्हणते, सोडली म्हणत नाही, पण खरं तर दोन्ही. गणितात नापास झाले, वर्गात सगळ्यांदेखत निकाल वाचला गेला, आणि दुसऱ्या दिवशी माझं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशीही दुखलं. आई म्हणाली, राहू दे. तेव्हापासून चार वर्षं मी घरीच.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा त्याचं वजन करायला मी अंगणवाडीत गेले. सेविकाबाई मीटिंगला गेल्या होत्या. आक्कांनी बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं आणि मला म्हणाल्या, "काय आलंय ते तूच वाच बाई, माझा चष्मा घरी ऱ्हायला."

मी वाचलं. भिंतीवरच्या तक्त्यात ते कुठं बसतं तेही दाखवलं.

"कितवी शिकलीस?"

"नववी."

"आन आता काय करतीस?"

"बाळाचं करून राहिले."

आक्का हसल्या. इथं असं बोलत नाहीत. इथं 'करतेय' म्हणतात. "ते करून राहशील गं," त्या म्हणाल्या, "पण बाळ काय जन्मभर झोळीत राहायचं न्हाई. बेस्तरवारी चारला तयार ऱ्हा. मी न्यायला येते."

अशी मी पहिल्यांदा समाजमंदिरातल्या बैठकीला गेले. एका संस्थेचा तो कार्यक्रम होता, पंधरा ते एकोणतीस वयाच्या मुलामुलींसाठी. एक सर जुन्नरहून मोटरसायकलवर यायचे. जुन्नरची पश्चिम बाजू आणि आंबेगावात भीमाशंकरकडची गावं, इतकं सगळं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होतं. पोलीस भरतीची तयारी, मोबाइलवर सरकारी फॉर्म भरणं, चारचौघांत उभं राहून बोलणं, असं ते शिकवायचे. आणि एक गोष्ट अशी होती, जी ऐकून मी सतरंजीवर पुढं सरकून बसले. शाळा सुटलेल्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची, आणि त्यासाठी हिवाळाभर इथंच, गावात वर्ग.

त्या दिवशी आम्ही सातजण होतो. बैठक संपल्यावर मी सरांना हळूच विचारलं, की बाहेरगावच्या मुलीला चालेल का. ते म्हणाले, "तुम्हाला चालेल, ताई. पण केंद्र राहिलं तर. सातजणांसाठी केंद्र ठेवता येत नाही. दिवाळीपर्यंत पंचवीस पक्के सभासद नाही झाले, तर हे केंद्र उचलून दुसऱ्या गावी न्यावं लागेल."

घरी येऊन मी भावाला सांगितलं. तो जेवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "केंद्र राहिलं तर राह. नाही राहिलं तर दिवाळीले तुला गावी सोडून येतो. तिकडे आई पाहुणे पाहून राहिली."

म्हणजे हिशोब सरळ होता. पंचवीस झाले तर दहावी. नाही झाले तर पाहुणे.

मी घरोघर फिरले. मला अनोळखी दारात उभं राहायची फार भीती वाटते, तरी फिरले. लोक किती चांगले. प्रत्येक घरी पाणी दिलं, "या पावणं, बसा," म्हणाले, आणि बैठकीचं सांगितल्यावर प्रत्येकजण म्हणाला, "येऊ की."

मी ते सगळं वहीत लिहिलं. एकतीस नावं. सरांना फोन करून सांगितलं, तेही खूश झाले. पुढच्या गुरुवारी आम्ही सातचे सातच. त्यातली एक मुलगी तर शेळी सापडत नाही म्हणून मधूनच गेली.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांना विचारलं, "सगळे येतो म्हणाले होते. मग काहून नाही आले?"

आक्का पोरांच्या ताटल्या विसळत होत्या. "'येऊ की' म्हंजे येऊ असं न्हाई गं. दारात आलेल्या माणसाला कोण नाय म्हणंल? ती वाटंला लावायची रीत हाय." मग शेवटची ताटली पालथी घालून म्हणाल्या, "तू त्यांच्या कुठल्या कामाला गेलीस?"

"कुठल्याच नाही."

"मग ते तुझ्या कामाला कशापायी येत्याल?"

आणि त्यांनी मला पडकई सांगितली. या डोंगरात भाताची खाचरं करायची असोत नाहीतर आवणी, म्हणजे भाताची लावणी, असो, एकट्या घराला ते झेपत नाही. म्हणून आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी नाही, लिहिणं नाही. ज्यानं माणूस पाठवला त्याच्याकडं आपण माणूस पाठवायचा, घरागणिक एक. न विसरता. "पडकई चुकवली तर लोक वर्षभर त्वांड दावत न्हाईत," आक्का म्हणाल्या. "तू आधी पडकईला जा. मग बोलाव."

आषाढाचे दिवस होते आणि आवणी चालू होती. वहिनी म्हणाली जा, बाळ आता माझं मी बघते. मला खरं तर आनंदच झाला होता, पण मी तो दाखवला नाही. अभ्यासात मी कशीही असेन, पण भात लावणं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही भाताच्या मुलखातली माणसं.

पहिल्या दिवशी आक्काच मला घेऊन गेल्या. ओढ्याकाठच्या एका आजोबांचं खाचर होतं. वर्षानुवर्षं पांढरी टोपी घालून तिचा रंग पिवळसर झालेला, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावा. बायांनी डोक्यावरून प्लास्टिकचे कागद घेतले होते. एक बाई, कडेवरचं मूल बांधावर ठेवून, मला म्हणाली, "पावणे, वाकता येईल का? का बांधावर बसून गाणी म्हणताय?"

मी रोपांची मूठ घेतली आणि सुरू केलं. थोड्या वेळानं त्यांचं बोलणं थांबलं आणि त्या माझ्या हाताकडं बघू लागल्या.

"आमच्याकडे याले रोवणा म्हणतात," मी म्हणाले.

"रोवणा? म्हंजे खुंट्यावानी रोवता व्हय?" मूलवाली बाई म्हणाली. "आमी तर बाई नुसतं आवतो." आणि सगळ्या हसल्या, मीसुद्धा. गावात आल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्यानं हसले असेन. आजोबा बांधावरून ओरडले, "हसा नंतर, सूर्व्या बघा कुठं गेला." सूर्य ढगातून दिसतच नव्हता.

तीन आठवडे मी रोज कोणाच्या ना कोणाच्या खाचरात होते. चौदा घरं झाली. दुपारी नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन आम्ही बांधावर बसायचो, आणि कोणी तरी मला गोंदियाकडं काय खातात ते विचारायचं. मी सांगितलं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तर त्यांचा विश्वासच बसेना. पाठ दुखायची. पण संध्याकाळी घरी येताना जे वाटायचं त्याला मी समाधान म्हणेन. चार वर्षांत मला कोणी 'तुझ्यामुळे लवकर आटपलं' असं म्हटलं नव्हतं.

निघताना मी प्रत्येक घरी विचारायची, "बैठकीला याल नं?" आणि आता कोणी 'येऊ की' म्हणत नव्हतं. म्हणायचे, "येणार म्हंजे काय, यावंच लागंल."

आवणी उरकली त्या आठवड्यात मी सरांना फोन केला. नवीन चौदाजण नक्की, असं मी म्हणाले. आक्का सांगतात ते खोटं ठरत नाही, हेही सांगितलं.

गुरुवारी मी चारच्या आधीच समाजमंदिर झाडून सतरंजी टाकून ठेवली. पहिले आले ते आजोबा. धुतलेलं धोतर, टोपी, काठी. येऊन सरळ पहिल्या ओळीत बसले. मला वाटलं, नातवाला सोडायला आले असतील. मग मूलवाली बाई आली, मुलासकट. ती जरा तरी तरुण होती. मग एक मावशी आल्या, त्यांना पायऱ्या चढवायला दोघींनी हात दिला. मग आणखी एक आजी, तंबाखूची चंची कमरेला. चारच्या पुढं पाच मिनिटांत सतरंजी भरली, चौदाची चौदा घरं आली, आणि त्यांत एकोणतिसाच्या आतलं माणूस शोधावं लागत होतं.

सर हेल्मेट हातात घेऊन दारात उभे राहिले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "ताई, आज बचत गटाची बैठक आहे का?"

मी नुसती वही पुढं केली. पण सर माणूस चांगला. त्यांनी नेहमीसारखीच सुरुवात केली. ते नव्या सभासदांना पहिल्यांदा एकच प्रश्न विचारायचे, तोच विचारला. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

आजोबांनी काठी उचलून खिडकीबाहेर दाखवलं. "त्या तिथं. वढ्याच्या पलीकडं. जागा धरून ठिवलीया."

तिथं गावाची स्मशानभूमी आहे. सगळे हसले, सर हसले, मला मात्र रडू येत होतं.

"आजोबा, तुमचा नातू का नाही आला?" सरांनी विचारलं.

"त्यो गेलाय ओतूरला, खत आणाया. त्याच्या बदली मी आलोय की. घरागणिक एक माणूस." मागून मूलवाली बाई म्हणाली, "आमच्याकडनं मी. दीर भरतीच्या पळण्याला गेलाय. त्याला येळ कुठला?"

सरांनी हजेरीपत्रक काढलं. त्यात वयाचा रकाना होता. आजोबांच्या नावापुढं त्यांनी पेन टेकवला आणि उचलला. संध्याकाळी जाताना आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "फिटलं बरं का पोरी. आता आमच्याकडनं काय ऱ्हायलं न्हाई."

तेव्हा मला कळलं. त्यांनी पडकई फेडली होती. मी एक दिवस वाकले, ते एक दिवस बसले. पुढच्या गुरुवारी आम्ही सहाजण होतो. शेळीवाली मुलगी आलीच नाही.

मी अंगणवाडीत जाऊन रडले. पोरं घरी गेली होती, फक्त आक्का होत्या. मी सगळं सांगितलं, आजोबांचं, स्मशानाचं, वयाच्या रकान्याचं. आक्का आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग त्यांना बसावं लागलं, मग डोळे पुसले. मला वाईट वाटलं.

"हसू नका नं आक्का. मला गावी जावं लागंल."

"न्हाई हसत." पण आणखी थोडं हसल्याच. मग पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी तुला निम्मीच पडकई सांगितली. बघ, पडकई कुणाच्या तरी रानात आस्ती. आज ह्याच्या, उद्या त्याच्या. तुझी बैठक कुणाच्या रानात हाय? समाजमंदिरात. ते कुणाचं? कुणाचंच न्हाई. तिथं एकदा येऊन गेलं की फिटलं. आता ती बैठकच घराघरानं फिरव. आज माझ्या ओट्यावर, फुडच्या येळंला म्हाताऱ्याच्या. ज्याच्या घरी बैठक त्याची पोरं पळून कुठं जात्याल? आन जे त्याच्या घरी आले, त्यांच्या घरी त्याला जावंच लागंल. कधी फिटायचंच न्हाई."

"पण परत आजोबाच आले तर?"

"त्याचं मी बघते."

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. सकाळी पोरं गोळा करायला त्या घरोघर जायच्याच. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणाल्या: बैठकीची पडकई चालू होतीया. आवणीला तुमी म्हातारा पाठवता का? न्हाई ना? मग बैठकीलाबी जवान माणूस पाठवा. आजोबांना एवढं पटलं, की ते आपल्या नातवावर दारातूनच ओरडले.

सरांना पटवणं मात्र जड गेलं. हजेरीपत्रकावर 'ठिकाण' असा रकाना होता आणि तिथं समाजमंदिर छापलेलंच होतं. "वरून विचारतील," ते म्हणाले. मी म्हटलं, वरून विचारलं तर आक्कांचा नंबर द्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मीच चकित झाले होते, असं मी बोलले म्हणून. मग म्हणाले, "एक महिना करून बघू."

पहिली बैठक आक्कांच्या ओट्यावर झाली. कोरा चहा, आणि त्यांच्या सुनेनं केलेले पोहे. अकराजण आले. दुसरी आजोबांच्या घरी. त्यांचा नातू पोलीस भरतीची तयारी करणारा, उंच, कायम कंटाळलेला. घरातच बैठक म्हटल्यावर त्याला पळता आलं नाही, आणि एकट्यानं अडकायला नको म्हणून त्यानं चार मित्रांना बोलावून आणलं. बैठकभर तो माझ्या बोलण्यावर कान ठेवून होता. शेवटी म्हणाला, "राहिलेताई, पुढची बैठक कुठं हाय?"

"राहिलेताई कोण?"

"तुमीच. 'सांगून राहिले, लिहून राहिले.' आमच्या गावातच राहिले." सगळे हसले. आजोबांनी त्याला काठी दाखवली. मला राग आला नाही. नाव पडतं म्हणजे माणूस धरला गेला, असं आक्का म्हणतात.

घराघरानं बैठक फिरायला लागली तसं एक झालं, जे आक्कांनाही आधी सुचलं नव्हतं. ज्याच्या घरी बैठक, तो आपलं काही तरी पुढं ठेवायचा. एका घरी बिबट्यानं दोन शेळ्या नेल्या होत्या. त्यांच्या भरपाईचा अर्ज सगळ्यांनी मिळून भरला, आणि त्यात जो शब्द अडला तो अर्ध्या गावाला पाठ झाला. खालच्या वस्तीत बैठक बुद्धवंदनेनं सुरू झाली. तिथल्या एका मुलीला कॉम्प्युटर चांगला येत होता. तेव्हापासून फॉर्मचं काम सर तिच्याकडंच द्यायला लागले आणि आपण चहा पीत बसायला लागले. मूलवाल्या बाईच्या घरी ती उठून म्हणाली, "ते सतरा नंबर मला चालंल का? मी आठवीतनं उठलेय. माझं वय सव्वीस." सर चालेल म्हणाले. मग ती सासूकडं वळून म्हणाली, "ऐकलं ना आत्या, सर चालंल म्हणत्यात." आत्या म्हणाल्या, "मी कुठं नाय म्हणाले? मूल कोण सांभाळील तेवढं इचार." मी सांभाळीन, मी म्हटलं. मला सवय होती.

आक्कांचं माहेर आंबेगावात, भीमाशंकरच्या वाटेवरचं. तिथं त्यांच्या भाच्यानं ही फिरती बैठक ऐकली आणि सरांना फोन केला. पण त्या गावातली पोरं देवस्थानाजवळ प्रसादाची दुकानं लावतात, सोमवारी आणि सुट्टीला त्यांना मान वर करायला फुरसत नसते. म्हणून त्यांनी मंगळवार धरला. सर म्हणाले, "ताई, तुमच्या गावची पडकई आता तालुका ओलांडून गेली." मी म्हटलं, माझ्या गावची नाही, आक्कांच्या गावची. पण ते बोलताना मला आतून बरं वाटलं.

एवढं होऊनही पंचवीस होत नव्हते. एकवीस, बावीस, परत एकवीस. नियम असा, की सलग चार बैठका आलेला तोच पक्का. कोणी ना कोणी चौथ्या वेळेला चुकायचा. आईचा फोन यायचा, "दिवाळीले येतेस नं?" आणि मी म्हणायची, बघू. रोज सकाळी उठल्या उठल्या मी मोजायची.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुण्याच्या ऑफिसातून मॅडम आल्या. केंद्र ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार होत्या. पाळी कोणाचीच नव्हती, अंगण मोठं म्हणून बैठक परत मूलवाल्या बाईच्या घरी ठेवली होती. अंगण सारवलेलं, आणि एका कडेला आजोबा धरून चार म्हातारी माणसं, ज्यांना आता कोणी बोलावत नव्हतं तरी ती यायचीच. मॅडमनी हजेरीपत्रक पुढं ओढलं आणि पेन्सिलनं मोजत गेल्या.

"तेवीस," त्या म्हणाल्या.

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. आजोबा उठले. "म्याडम, मला धरा. मी पयल्या दिवसापासनं हाय."

"तुमचं वय, आजोबा?"

"तुमी धरा तेवढं."

मॅडम हसल्या, पण पेन्सिल खाली ठेवली नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "पुढची बैठक कुठं आहे?"

"आमच्याकडं," नातवाचा एक मित्र म्हणाला.

"तुमच्याकडं कशी?" शेळीवाली मुलगी म्हणाली. ती आता नियमित यायची. "पाळी आमची हाय."

"तुमची श्रावणात झाली की."

"ती पावसानं मोडली. अर्धी बैठक झाली, अर्धी धरत्यात व्हय?"

"दिवाळीत आमच्याकडं फराळ हाय, आमच्याकडं ठेवा."

"फराळ काय तुमच्याकडंच असतो व्हय रं?"

खालच्या वस्तीतली मुलगी म्हणाली, त्यांच्याकडं एकदाच झाली आहे, दुसरी फेरी तिथून सुरू व्हायला पाहिजे, आणि तिनं मोबाइलवर लिहिलेली यादीच काढून दाखवली. मग यादीवरून भांडण. एकजण म्हणाला यादीच चुकीची आहे. कडेची म्हातारी माणसंही त्यात पडली. आक्का चहाची किटली घेऊन उभ्या होत्या, त्यांनी कोणालाच थांबवलं नाही. मी घाबरून सरांकडं बघितलं. मॅडमसमोर असं भांडण.

मॅडम मात्र आधी या बाजूला, मग त्या बाजूला बघत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी हजेरीपत्रक मिटलं. सरांना म्हणाल्या, "मी खूप केंद्रांवर जाते. चहा कोणाच्या दारात व्हावा यावरून लोक भांडतात, पण बैठकीवरून भांडताना मी कुठं बघितलं नाही. दोन कमी आहेत ना, ते मी माझ्या रिपोर्टमध्ये समजावून सांगते. केंद्र इथंच राहील." आणि माझ्याकडं वळून, "दहावीचा वर्ग कोणकोण करणार?"

मी हात वर केला. मूलवाल्या बाईनंही केला, मूल कडेवर असल्यानं दुसरा.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच मी आईला फोन केला. मी राहते, सांगितलं. दहावी देते. आई म्हणाली, "गणित कोण शिकवते तिथं?"

"सर."

"मग बरं. इथं तर तुले ते कोणी नीट शिकवलंच नव्हतं." चार वर्षांत आईनं हे पहिल्यांदा म्हटलं.

फॉर्म भरायला शाळा सोडल्याचा दाखला लागला. तो गोंदियाहून यायला इतके दिवस लागले, की मी रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची. आला. सरांनी तो ओतूरच्या शाळेत नेऊन दिला. आता मूलवाली बाई आणि मी संध्याकाळी एकत्र बसतो. तिचा इतिहास चांगला आहे, माझं मराठी. गणिताला दोघी सारख्याच. भीती अजून वाटते, कालही स्वप्नात मी बीजगणिताच्या पेपरला उशिरा पोचले. पण सकाळी उठल्यावर पोट दुखत नाही.

परवा आक्कांना विचारलं, तुम्हाला काय देऊ, एवढं केलंत. त्या तांदूळ निवडत होत्या. मला काय करायचंय, म्हणाल्या. मग, हात न थांबवता, "तुमच्याकडं भात कुठं लावता? डोंगरच न्हाई म्हणतीस."

"सपाट जमिनीत. जिथवर नजर जाईल तिथवर भातच."

"सपाट?" आक्कांनी सूप खाली ठेवलं. "मग पाणी थांबतं कसं? आन जातं कुठं? ह्या खाचरातनं त्या खाचरात उतरायला नको व्हय?"

मी सांगायचा प्रयत्न केला, तलाव, पाट, बांध, पण त्यांना पटलं नाही. पासष्ट वर्षं भात पाहिलेल्या बाईला सपाट भात कसा पटणार. "काय तरी सांगतीस," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या. पुण्याच्या पुढं त्या कधी गेलेल्या नाहीत. रेल्वेत त्या बसलेल्या नाहीत.

तर आक्का, तुम्ही हे वाचणार नाही, तुमचा चष्मा घरीच असेल, पण लिहून ठेवते. दहावी होऊ दे, मग हाताला काही काम लागू दे. पुढं कधी तरी आषाढात मी तुम्हाला रेल्वेनं आमच्या गावी नेणार आहे. खिडकीची जागा तुमची. आईला सांगून ठेवलंय. बांधीच्या, म्हणजे आमच्या खाचराच्या, कडेला खाट टाकून तुम्हाला बसवीन, आणि पाणी कसं थांबतं ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा.